लेखकाच्या मते

(नागपूर, तांडापेठ. १९७४ मधली एक दुपार. आतल्या खोलीत सुभद्राच्या वडिलांचा, चंपतरावांचा, हातमाग खटखटतो आहे. ओसरीवर शिकवणीचे मधुकरराव आणि त्यांची विद्यार्थिनी सुभद्रा.)

मधुकरराव : ...प्रवेश परीक्षेत तुला अठ्ठावन्न. आणि यादीतल्या शेवटच्या मुलीला एकसष्ट. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन मी स्वतः पाहून आलो. तीन गुण, सुभद्रा.

सुभद्रा : माहीत आहे सर. चहा घ्या ना.

मधुकरराव : चहा राहू दे, प्रश्नपत्रिका आण. हिशेब जुळल्याशिवाय मला जेवण जात नाही. गणितात एक गुण गेला, तो क्षम्य. पण मराठीच्या उताऱ्यात बारापैकी आठ? आणि उतारा कशावर, तर हातमागावर! चारशे मुली बसल्या होत्या. त्यांतल्या किती जणींनी माग पाहिला असेल?

सुभद्रा : हळू बोला सर. माग थांबला की बाबांले सगळं ऐकू येते.

मधुकरराव : बरं, हळू. आधी काय वाचलंस?

सुभद्रा : आधी प्रश्न, मग उतारा. तुम्ही सांगितलं तसंच. परिच्छेदांले नंबर टाकले. 'पण' अन् 'म्हणून'भोवती गोल केला.

मधुकरराव : वेळ?

सुभद्रा : पंचवीसपैकी बावीस मिनिटं. तीन उरली होती.

मधुकरराव : आणि 'लेखकाच्या मते' असं प्रश्नात आलं की?

सुभद्रा : खाली रेघ ओढायची. ओढली ना. हे पाहा.

मधुकरराव : ओढलीस कसली, कागद फाटला आहे इथं. मग उत्तर?

सुभद्रा : नाही लिहिलं. पाचवा अन् सहावा, दोन्ही कोरे सोडले.

मधुकरराव : कोरे! अगं, तिसऱ्या परिच्छेदात दुसऱ्या ओळीत उत्तर समोर मांडून ठेवलंय. नुसतं उचलायचं.

सुभद्रा : वाचा ना. फक्त मोठ्यानं नका वाचू.

मधुकरराव : 'विणकराचे काम हातापायांचे आहे. त्यात बुद्धीला फारसा वाव नसतो, म्हणूनच ते निरक्षर घरांत पिढ्यान्‌पिढ्या टिकले.' प्रश्न पाच, लेखकाच्या मते विणकामात कशाला वाव नसतो... हं.

सुभद्रा : अन् सहावा, हे काम कोणत्या घरांत टिकलं, अन् काहून.

मधुकरराव : सुभद्रा, एक शब्द होता. 'बुद्धीला.' दोन गुण.

सुभद्रा : लिहिला होता. मग खोडला.

मधुकरराव : किती वेळा सांगितलं, ते तुझं मत नाही, त्याचं आहे. तू पोस्टमन. पत्रात काय लिहिलंय त्यावर पोस्टमन भांडतो का?

सुभद्रा : मी विचारलं होतं तुम्हाले. मे महिन्यात. उतारा खोटा असला तर काय करायचं म्हणून.

मधुकरराव : मग? मी काय म्हणालो?

सुभद्रा : म्हणाले, 'पेपर काढणाऱ्याला चहाला बोलाव आणि समजाव.' सगळ्या पोरी हसल्या. मीही हसली.

मधुकरराव : असं म्हणालो मी.

सुभद्रा : मजेनं म्हणाले होते, सर. घरी जाताना रस्त्यानं पण आम्ही हसत होतो.

मधुकरराव : पस्तीस मुली. कोणाच्या शंकेला किती मिनिटं द्यायची, ते मी मापून देतो. तुझ्या शंकेला एक विनोद दिला आणि पुढचा उतारा घेतला. पाच मिनिटं दिली असती, तर सांगितलं असतं की लेखक बिनडोकही असतो. तो काय म्हणतो ते लिहायचं, दोन गुण घ्यायचे आणि घरी येऊन त्याला शिव्या द्यायच्या.

सुभद्रा : हे आता समजते. रोज वाटते, लिहून टाकायचं होतं. भाकरी थापताना ते दोन प्रश्न डोळ्यासमोर येतात. उत्तरासकट.

मधुकरराव : पुढच्या वर्षी बस. मी शिकवतो.

सुभद्रा : बाबांनी आधीच सांगितलं होतं, यादीत नाव लागलं तर कॉलेज, नाही तर मोहाडीचं स्थळ. ते लोक दोन महिने थांबून आहेत. परवा सुपारी फोडायले येतात.

मधुकरराव : मी बोलतो चंपतरावांशी.

सुभद्रा : काय बोलाल? उत्तर येत होतं अन् पोरीनं लिहिलं नाही म्हणून? ते विचारतील, काहून. मग?

मधुकरराव : माग थांबला.

चंपतराव : अरे, मास्तर! कवाचे येऊन बसले जी? सुभद्रे, सरायले पाणी तरी देल्लं का वं? त्या खटखटीत मले काई ऐकू येत नाही.

मधुकरराव : आत्ताच आलो, चंपतराव.

चंपतराव : हा कागद कोनता? हाच का, माया पोरीले पाडनारा?

सुभद्रा : पाडलं नाही बाबा. तीन मार्कानं राहिली.

चंपतराव : तेच ते. वाचा ना मास्तर. एवढं अवघड काय होतं ते मलेही कळू द्या.

सुभद्रा : कंटाळवाणं हाये, बाबा. तुम्ही जेवून घ्या.

चंपतराव : थांब वं. वाचा जी.

मधुकरराव : मागावरच आहे. 'हातमाग हा आपला प्राचीन उद्योग आहे. मागावर ताणा उभा असतो आणि बाणा आडवा जातो.'

चंपतराव : बराबर.

मधुकरराव : 'रेशमी काठाच्या साड्यांना दूरदूरच्या गावांतून मागणी असते.'

चंपतराव : हेही बराबर. मंग अवघड कुठं हाये? आपल्याच घरचं तं सांगून राहिला तो. अन् मास्तर, मधातलं सोडलं तुमी.

मधुकरराव : मी?

चंपतराव : बोट अडलं तुमचं, मंग एकदम दोन ओळी खाली उतरलं. तीस वर्सं झाले मले, सुटला धागा पाहाचंच काम करून राहिलो. वाचा.

सुभद्रा : सर, नका.

मधुकरराव : 'विणकराचे काम हातापायांचे आहे. त्यात बुद्धीला फारसा वाव नसतो, म्हणूनच ते निरक्षर घरांत पिढ्यान्‌पिढ्या टिकले.'

चंपतराव : हं.

मधुकरराव : तो लेखक कधी मागाजवळ फिरकलाही नसेल.

चंपतराव : करवती काठाले बाण्याचे तीन धोटे लागते. कोनता कवा फेकाचा, थे सांगाव म्हना त्यानं. जाऊ द्या. याच्यावर इचारलं होतं का?

मधुकरराव : दोन प्रश्न. चार गुण.

चंपतराव : अन् इनं काय लिवलं?

सुभद्रा : काहीच नाही, बाबा.

चंपतराव : येत नोयतं?

सुभद्रा : येत होतं.

चंपतराव : मंग काहून नाही लिवलं वं?

सुभद्रा : माया हातानं नाही झालं.

चंपतराव : चार मार्क.

मधुकरराव : तीनच हवे होते.

चंपतराव : लिवून टाकाचं होतं ना वं, बाई. मले कुठं वाचता येते.