गाडीसाठी तापवलेलं पाणी

...नाही, पाणी गाडीसाठीच तापत होतं, हे मी आधीच सांगते, कारण आता गावभर झालंय की आम्ही मुलींना सामन्याला न्यायचं सोडून चहापाणी करत बसलो. तुम्हाला सांगते, तसं नव्हतं. म्हणजे तसंच झालं, पण तसं नव्हतं.

खाली तलावावर मुलींच्या आईस हॉकीचा शेवटचा सामना होता, आमचा आणि वरच्या गावाचा. आमची गोलरक्षक दिस्कित. मी राखीव. राखीव म्हणजे काय, तर सगळ्यांचे कोट सांभाळत काठावर बसायचं आणि नाक गोठू द्यायचं. आणि आदल्या दिवशी ही दिस्कित गाईला पाणी पाजायला गेली नि बर्फावर घसरून मनगट मुरगळून आली. बर्फावर. आमची गोलरक्षक. मला इतका आनंद झाला की ते पाप फिटावं म्हणून मी रात्री तिच्याच मनगटासाठी प्रार्थना केली. पण फार जोर लावून नाही... कारण पहिल्यांदाच मी खेळणार होते ना.

सकाळी सगळा संघ काठ्या घेऊन आमच्या दारात, कारण एवढ्या जणींना नेईल अशी गाडी एकच, माझ्या वडिलांची, आबांची जीप. तिची बॅटरी रात्री घरात असते, बुखारीच्या शेगडीजवळ, आमच्या आजोबांच्या, मेमेंच्या जुन्या लोकरी झग्यात गुंडाळलेली. आमच्या घरात सगळ्यात उबेत तीच झोपते. आबांनी ती नेऊन बसवली, किल्ली फिरवली. खर्र. परत फिरवली. खर्र. तिसऱ्यांदा तेवढंही नाही.

"डिझेल गोठलं," आबा म्हणाले. "आमा, पाणी तापव. नळीवर ओतू."

आमानं, माझ्या आईनं, पातेलं चढवलं. पाणी कशासाठी? गाडीसाठी.

तेवढ्यात शेजारचे आचो नुर्बू आले. फौजेत ट्रक चालवायचे. बॉनेट उघडून आत असं बघत राहिले, जसं काही आत कोणी आजारी झोपलंय. "याहून मेलेल्या गाड्या उठवल्यात मी," म्हणाले. आता मला सांगा, इतक्या थंडीत माणूस मदतीला आला आणि चहाशिवाय गेला, तर आमानं गावात तोंड कसं दाखवायचं? आणि आमच्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर चहा कोणी घेत नाही. "नको, नको," म्हणायचं. "घ्या हो." "नको, आत्ताच झाला." "अर्धा तरी." असं करत पेला हातात, आणि एक घोट घेतला की तो पुन्हा काठोकाठ भरायचा. रिकामा पेला दिसला तर घराची अब्रू जाते. संपलं पाणी.

आमानं पुन्हा चढवलं. कशासाठी? गाडीसाठी.

मग मेमे बाहेर आले. त्यांनी जीपकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. "हिचं तोंड या महिन्यात उत्तरेला नको होतं," म्हणाले. "निघणार कशी?" आबा म्हणाले, "मेमे, डिझेल गोठलंय." मेमे म्हणाले, "मग? उत्तरेला तोंड करून ठेवल्यावर गोठणारच." जीप वळवायला सगळ्या मुलींनी जोर लावला, चार बायका धावत आल्या, जीप पूर्वेला वळली, खर्रसुद्धा केलं नाही, आणि सगळ्यांना चहा.

आमच्या दारात हिवाळाभर डोंगराची सावली, त्यामुळे उन्हाचीही आशा नाही. मी आपली गुडघ्यांना पॅड, तोंडावर जाळीचा मुखवटा, त्याखाली मफलर, अशी अंगणात उभी. आणि वरून मिनीबस आली. वरच्या गावाचा संघ. आमचे प्रतिस्पर्धी. त्यांनी सरळ जायला हवं होतं की नाही? पण हिवाळ्यात बंद गाडी दिसली नि पुढे गेला, असा ड्रायव्हर आमच्याकडे जन्मला नाही. त्यांचे ड्रायव्हर अझांग इशे थांबले. "दोर आणा, ओढून नेतो तुम्हाला. हरवायचं तर तिथं नेऊन हरवू."

मी मनात त्यांच्या पाया पडले. आणि आमा दारात आली.

"इंजिन चालू ठेवून दारात कोण थांबतं, अझांग? आमच्याकडून पळायची एवढी घाई?"

अझांग ओशाळले. त्यांचा हात किल्लीकडे गेला. मी त्यांच्या गाडीच्या खिडकीलाच होते. या थंडीत चालू गाडी बंद करायची नसते, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. मी बोलले. खरंच बोलले. पण माझा आवाज एरवीच मफलरपर्यंत पोचतो, त्यात मुखवटा. बाहेर नुसती वाफ आली. अझांग सवयीनं मला "नको, नको" म्हणाले आणि गाडी बंद केली.

दोन्ही संघ आमच्या स्वयंपाकघरात. त्यांची उंच गोलरक्षक पद्मा माझ्या शेजारी, तिचं कोपर माझ्या बरगडीत. "तू नेहमी एवढीच बोलतेस का?" तिनं विचारलं. मी मान हलवली. चहा झाला, अझांगनी किल्ली फिरवली. खर्र.

तलावावरून फोन आला. दोन्ही संघ गैरहजर, म्हणून चषक खालच्या गावाला दिला. त्यांना आम्ही दोघांनीही हरवलं होतं, ते फक्त बघायला आले होते. पण मनानं भली माणसं. म्हणाली, आमची गाडी घेऊन येतो, तुम्हाला खेपा करून तलावावर नेतो, उजेड आहे तोवर मैत्रीचा सामना खेळा.

या वेळी मी मुखवटा काढला, मफलर काढला, रस्त्यात जाऊन उभी राहिले. गाडी वळणावर दिसली आणि मी अशी ओरडले की पद्मा दारात आली. "गाडी बंद करू नका."

ऐकलं त्यांनी. शब्द पाळला. आमानं आग्रह केला, तरी बंद केली नाही. गाडी बाहेर चालू, माणसं आत, "नको, नको," "घ्या हो," पेले भरताहेत, त्यांनी सोबत आणलेल्या चषकातसुद्धा कोणीतरी चहा ओतला... आणि बाहेर एकदम शांत झालं. डिझेल संपलं.

डिझेल होतं हो, आमच्या जीपच्या टाकीत. भरपूर. दगडासारखं.

आबा उठले, आमाकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "थोडं पाणी तापव."