पान लागलं म्हणजे काय?

मंडळी, माणसाचा शब्द ऐकला म्हणजे त्याचं म्हणणं कळलं का? माना डोलावू नका, आधी ऐका!

डोंगराकडेच्या एका गावात सोनाबाई खोत राहायची. भर दुपारी नवरा बाबाजी बांधावर गवत कापत होता, तोच पायाला पान लागलं. त्या जनावराचं नाव घ्यायचं नाही, ही आपली रीत! बाबाजीच्या पापण्या मिटू लागल्या. दवाखाने दोन, दोन दिशांना. वाट चुकली तर नवरा हातचा जाणार.

सोनाबाईनं मोबाइल काढला. तालुक्याची आरोग्याची वेबसाइट उघडून बोलली, "आमच्या ह्यांना पान लागलंय." बघा हं — नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सापाचंही नाही!

'पान लागलं' म्हटलं की हीच वेबसाइट गेल्या साली काय सांगायची? "पान-तंबाखू सोडा, तोंडाचा कर्करोग टाळा!" हसताय? अहो, शब्द बरोबर होता की! अर्थाचा पत्ता नव्हता. मग ती चालवणारी नंदिनी बर्वे गावोगावच्या बायकांत जाऊन बसली. पान लागणं म्हणजे सर्पदंश, त्यावर कुठली लस, ती कुठल्या दवाखान्यात, तिथं आज डॉक्टर आहेत का — सोयरीक जुळवावी तशी एकेक नातं जोडलं. इंजिनिअर लोक त्याला सिमँटिक वेब, म्हणजे अर्थाचं जाळं, म्हणतात. मी म्हणतो, बाईनं यंत्राला माणसात आणलं.

मोबाइलनं विचारलं, "साप चावलाय का?"

"होय, तेच ते."

"जवळच्या दवाखान्यात लस संपली आहे. देवळीच्या दवाखान्यात लस आहे, डॉक्टर आहेत. पाय हलवू देऊ नका. रुग्णवाहिका बोलावू?"

सोनाबाई जवळच्याच दवाखान्याकडे निघाली होती हो! ती थबकली. गाडी आली, देवळी गाठली, लस मिळाली.

तिसऱ्या दिवशी बाबाजी उठून बसला नि म्हणाला, "चहात साखर कमी आहे." सोनाबाई तिथंच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून पोटभर रडली. जीव भांड्यात पडला बिचारीचा!

आता आपलं बघू. घरात आई म्हणते, "मला काही नको रे." आपण म्हणतो, बरं झालं, नको तर नको! तिचं गुडघ्याचं औषध चार दिवसांपूर्वीच संपलंय. यंत्राला शिकवायला नंदिनी लागली. तुम्हाला तर बोलायला खुद्द आईनंच शिकवलंय ना?

तेव्हा मंडळी, उठण्याआधी देवाचं नाव घ्या. आणि घरी गेल्यावर तिच्याजवळ बसून विचारा, "आई, नको म्हणजे काय गं?"