सैल सोडा, काका!

...आन् वरनं म्हणत्यात, "सैल सोडा, काका!" आता तुमीच सांगा, खांदा म्हंजे काय सदऱ्याची गुंडी हाय, काढली की सैल? तीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवतोय, तुमाला सांगतो, ह्या रेवणप्पाचा हात कधी थांबला न्हाय, आन् गेल्या म्हैन्यात उजवा हात निम्म्यातच अडकला! वर जाईनाच की. धागा तुटला तर गाठ मारायला हात पोचंना, मग मुकादमानं चारातले दोन माग काढून घेतले. म्हणला, "हात बरा झाला तर बघू." झाला तर!

म्हणून बायकोनं, दाक्षायणीनं, धरून नेलं फिजिओथेरपीला. तितं चंद्रिका मॅडम, माझ्या लेकीएवढ्या. खांदा दाबला, म्हणल्या, "स्नायू थकलेत, काका." थकले? मला न इचारता? मग गरम पिशवी, मग बर्फ... अवो, एक काय ते ठरवा की! मग वायरी चिकटवल्या, बटण दाबलं, आन् खांद्यात मुंग्यांची वरात! मी दात आवळून बसलेला, आन् मॅडम म्हणत्यात, "सैल सोडा, काका!" करंट लावायचा आन् सैल सोडा म्हणायचं, ही कुटली रीत? शेवटी इचारत्यात, "घरी टॉवेल आहे का? पाठीमागे धरून वर ओढायचा." टॉवेल हाय का! मला!

आता खरी गंमत ऐका. दाक्षायणी कडक भाकऱ्या करून शुक्रवार पेठेतल्या दुकानांना देती. ती शेजारी उभी. मॅडमनी सहज तिच्या मानंला हात लावला आन् दचकल्याच. "काकू, हे कधीपासून दुखतंय?"

ही म्हणती, "दुखतंय कुटं? मान आशीच असती की."

झोपवलं तिला, गरम पिशवी ठिवली, "सैल सोडा, काकू" म्हणायचा अवकाश... घोरायलाच लागली! तासभर! लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, ही बाई दिवसाउजेडी झोपलेली मी कधी बघितली नव्हती. उठवायला गेलो तर मॅडम माझ्यावरच डाफरल्या, "राहू द्या त्यांना!"

आन् निकाल काय? काकूंनी पंधरा दिवस भाकरी थापायची न्हाय! मी म्हणलं, मग कोण? मॅडम म्हणत्यात, "तुम्ही थापा की, हलक्या हातानं. खांद्याला चांगलंच आहे." बसलो परातीपुढं. पहिल्या दिवशी दुकानदार सिद्धलिंगप्पा म्हणला, "रेवणप्पा, भाकरी केलास का पायपुसणं विणलास?" आन् घरात दाक्षायणी पडल्या पडल्या, "अवो, हात सैल सोडा! थापा म्हणलं, मारू नका!"

पंधरा दिवसांनी हात सरळ वर! मुकादमानं चारी माग परत दिले! पळत घरी सांगायला गेलो, तर ही मानंवर पिशवी ठिवून म्हणती, "मॅडम म्हणल्या, आनखी पंधरा दिवस."

बरं. दुसऱ्या दिवशी मॅडम रस्त्यात भेटल्या. "काय काका, काकूंच्या भाकऱ्या सुरू झाल्या ना? मी तर मागच्या सोमवारीच परवानगी दिली."

असा तणतणत घरी आलो, म्हणलं आज सोडत न्हाय हिला... बघतो तर भर दुपारी पंख्याखाली गाढ झोपलेली. तोंड कसं, पोरीसारखं. हळूच दार लोटलं, गिरणीवर गेलो, आन् एकदम पंधरा दिवसांची ज्वारी दळून आणली.