आधीच्या कुत्र्याचं काय झालं

(खर्डीपासून आत, एका घराच्या पडवीत बापलेक. फॉर्म लेकीच्या मोबाइलवर आहे. ती वाचते, तो ऐकतो.)

कुंडलिक : आनि कुत्र्यासाठी फारम कशाला गो? म्हशाच्या जत्रेत बैल घेतला, तवा कोनी माजं नाव पन इचारलं नाय.

नम्रता : कल्याणची संस्था आहे बाबा. पिल्लू फुकट देतात, पण माणूस बघून देतात. फोटो बघितलात ना? कान बघा कसे आहेत.

कुंडलिक : बघितले. नको बोललो ना.

नम्रता : सगळे प्रश्न होऊ द्या, मग नको म्हणा.

फॉर्म : घर स्वतःचे आहे की भाड्याचे?

कुंडलिक : माजं. तुज्या आज्यानं बांधलेलं. तुजा नवरा कुलूप लावायला निघालाय ते.

नम्रता : सुनिल वाईट नाय बोलत. आई गेल्यापासून तुमी एकटे. कुठं पडलात तर मला आसनगावला कोण कळवणार? तो म्हणतो, दिवाळीआधी बाबांना इकडं आणू. मीच म्हटलं, थांब, आधी कुत्रा आणून देते. सोबत होईल, राखण होईल. तुमचं घर राहावं म्हणूनच चाललंय ना हे?

कुंडलिक : म्हंजे कुत्रा आला तर मी हितं. नाय तर कुलूप.

नम्रता : तसंच समजा.

कुंडलिक : इचार मंग.

फॉर्म : घरातील माणसांची संख्या?

कुंडलिक : एक.

फॉर्म : किमान दोन असणे आवश्यक.

नम्रता : मला धरते.

कुंडलिक : तू म्हैन्यातून एक रविवार येतेस.

नम्रता : फॉर्मला काय कळतंय.

फॉर्म : घराला कुंपण आहे का?

कुंडलिक : कुडाचं हाय. अर्धं वाऱ्यानं न्हेलं. लिव, अर्धं.

फॉर्म : यापूर्वी कुत्रा पाळला आहे का?

नम्रता : हो. भुऱ्या.

फॉर्म : त्याचे काय झाले?

नम्रता : साप चावला. आषाढात. लिहिते.

फॉर्म : उत्तर किमान वीस शब्दांत लिहा.

नम्रता : वीस? बाबा, सांगा जरा. कुठला साप, कुठं चावला, डॉक्टरला दाखवलं का.

कुंडलिक : मला काय म्हायती कुठला.

नम्रता : फोनवर घोणस बोललात. शेजारचे धाऊकाका म्हणाले फुरसं.

कुंडलिक : धाऊ तितं व्हताच कुठं?

नम्रता : मग तुमीच सांगा.

कुंडलिक : बंद कर गो ते.

नम्रता : हे रिकामं ठेवलं तर पुढं जातच नाय.

कुंडलिक : नको जाऊंदे.

नम्रता : बाबा.

कुंडलिक : साप नवता.

नम्रता : मग?

कुंडलिक : भात व्हता. खेकड्यांचा.

नम्रता : खेकडे मारायला बांधाच्या भोकात घालतात तो? औषध घातलेला?

कुंडलिक : तोच. बांधाला भोकं पडलेली, खाचरात पानी ठरंना. सकाळच्याला भात शिजवला, औषध कालवलं, वास यावा म्हनून सुकटीचा चुरा टाकला. दरसाल करतो तसं.

नम्रता : म्हणजे भुऱ्या शेतात गेला आणि...

कुंडलिक : शेतात नाय. हितं. तू बसलीस तितं.

नम्रता : टोप उघडा ठेवलात?

कुंडलिक : दुपारी बांधावरनं आलो. भूक लागलेली. चुलीपाशी टोप व्हता, सुकटीचा भात. ताट वाढलं. तुजी आय पयला घास भाएर टाकायची, मुक्या जनावराला. तिच्यामागं मी टाकतो. भुऱ्याला टाकला, आनि मिरची आनाया आत गेलो.

फॉर्म : बराच वेळ उत्तर आलेले नाही. पुढे चालू ठेवायचे आहे का?

नम्रता : गप रे.

कुंडलिक : मिरची लवकर गावली नाय.

नम्रता : ते ताट तुमचं होतं.

कुंडलिक : माजंच.

नम्रता : तुमी स्वतः शिजवलेला भात.

कुंडलिक : मीच शिजवला, मीच इसरलो. दोन टोप व्हते. का एकच व्हता? ते पन आता ध्यानात येत नाय. घोटाळा हितंच हाय बघ.

नम्रता : मला का नाय सांगितलंत?

कुंडलिक : दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं असतं.

नम्रता : आणि तेव्हापासून जेवता काय?

कुंडलिक : चा, पाव. पलीकडची जिवली देते भाकरी कधी. तिच्या हातची खातो.

नम्रता : मला वाटलं, भुऱ्याचं मनाला लावून घेतलंत म्हणून वाळलात.

कुंडलिक : ते पन हाय.

नम्रता : मी सापच लिहिते. थोडं लांबवते, वीस शब्द होतील.

कुंडलिक : कशाला?

नम्रता : पुढं तर जाऊ.

फॉर्म : कुत्रा कशासाठी हवा आहे? सोबत / राखण / इतर.

नम्रता : सोबत.

कुंडलिक : थांब, आयक. हे पिल्लू आनलंस तर पयला घास मी त्यालाच टाकनार. हात आपसूक जातो. आनि घास टाकून बसून ऱ्हानार. बघत. खाऊन उभं हाय ना, चालतंय ना. मंग मी जेवनार. रोज. आता सांग, त्याला कशासाठी आनला बोलायचं?

नम्रता : बाबा, तुमी तसं करणार नाय.

कुंडलिक : करीन. भुकेला मानूस करतो.

नम्रता : मी येऊन डबे भरून जाईन. चिठ्ठ्या लावीन टोपांना.

कुंडलिक : चिठ्ठी वाचायची, हे कोन ध्यानात ठेवनार? लिव त्यात. इतर.

नम्रता : बंद केला मी फॉर्म.

कुंडलिक : बरं केलंस. पिल्लू देखनं हाय, न्हेईल कोनी चांगला.

नम्रता : नेतील.

कुंडलिक : नमे, तुज्या घरी शिजवतं कोन?

नम्रता : मी.

कुंडलिक : सुनिल नाय ना?

नम्रता : त्याला चहा पण येत नाय.

कुंडलिक : रोज तूच?

नम्रता : रोज. कामावरून सव्वाआठला पोचते, मग कुकर लावते.

कुंडलिक : तवर थांबीन मी.