तांब्याच्या वायरी

(म्हसळ्यातलं एक गॅरेज, सकाळी अकरा. जुन्या पद्मिनी गाडीचं बॉनेट उघडं आहे. धर्माजी, त्यांची मुलगी कल्पिता आणि मिस्त्री रतन.)

रतन : ...आणि प्लगच्या या लाल वायरी कोणी बसवल्या, काका?

धर्माजी : मीच. का?

रतन : दिसायला झकास आहेत. पण गाडी मिसिंग मारते ती ह्यांच्यामुळेच.

धर्माजी : गप रे. मुंबईच्या बाजारातनं आणल्यात. आत अस्सल तांबं हाय. दुकानदार म्हणला, रेसवाले ह्याच लावतात.

कल्पिता : बाबा, तुम्ही चाळीसच्या वर गाडी नेत नाही. मागून टमटम हॉर्न मारत पुढे जातात.

धर्माजी : चाळीस तं चाळीस. चढाला पिकअप नको?

रतन : ऐका ना. जुन्या सिस्टिमवर तांबं चाललं असतं. पण तुम्ही जुने पॉइंट काढून ठिणगीचं इलेक्ट्रॉनिक किट टाकलंय, कॉइल मोठी लावलीय. आता एवढा करंट तांब्यातनं जातो तेव्हा आजूबाजूला गोंगाट फेकतो. तो किटला लागतो. मग मधेच एखादी ठिणगी चुकते, गाडी झटका देते.

धर्माजी : गोंगाट म्हणजे? मला तं ऐकू येत न्हाय.

रतन : कानाला नाही येत. रेडिओला येतो. तुमच्या रेडिओत खरखर येते का?

धर्माजी : येते. एक गाणं धड ऐकू देत न्हाय.

रतन : कधीपासून?

धर्माजी : ह्या वायरी लावल्यापासनं.

रतन : बघा. म्हणून सांगतो, ही काळी घ्या. हिच्यात तांबं नाही, कार्बनचा धागा आहे. ठिणगी तेवढीच देते, पण गोंगाट आतल्या आत दाबते. तुमच्या गाडीत जेवढं बदललंय, त्याला हीच पाहिजे.

कल्पिता : घ्या बाबा. मला दोनच्या आत पोचायचंय.

रतन : काका?

कल्पिता : बाबा, काय झालं? बसता का जरा?

धर्माजी : किटला लागतो म्हणालास.

रतन : हो.

धर्माजी : मग मशीनला पण लागत असंल.

रतन : कसलं मशीन?

धर्माजी : छातीतलं.

कल्पिता : बाबा, नको.

धर्माजी : मी त्याला विचारतोय. हिच्या आईला बसवलं होतं, रतन. ठोके द्यायचं मशीन. गणपतीच्या आधी. ह्या वायरी मी दिवाळीत लावल्या. आणि शिमग्याला ती ह्याच सीटवर गेली, खाडीच्या पुलावर. रेडिओ खरखरत होता. मला वाटलं झोप लागली, म्हणून मी आवाज बारीक केला.

रतन : काका, मी गॅरेजवाला. माणसाचं मला काय कळतं? मी बोललो ते किटचं.

धर्माजी : दुकानदारानं काळी पण पुढं केली होती. हीच, अशीच. मी म्हणलो, ही म्हाताऱ्यांची वायर, लाल दे. मी निवडलं ते.

रतन : ताई, तुम्ही बोला काहीतरी.

कल्पिता : बाबा, माझ्याकडे बघा. आईचं मशीन काढून घेतलं तेव्हा डॉक्टरांनी ते कॉम्प्युटरला लावून तपासलं. आत सगळी नोंद असते. ते शेवटपर्यंत चालू होतं. आईला मोठा अटॅक आला. मशीन ठोके देत होतं, आईचं हृदयच उचलत नव्हतं.

धर्माजी : मला कुणी सांगितलं न्हाय.

कल्पिता : सांगितलं. तुमच्यासमोर उभं राहून सांगितलं त्यांनी. तुम्ही आईच्या चपला मांडीवर घेऊन बसला होता. मान हलवलीत. मला वाटलं, कळलं.

धर्माजी : न्हाय कळलं.

रतन : पाणी घ्या, काका.

धर्माजी : त्या दिवशी चालू असंल. पण आधीचं काय? दिवाळीपासनं रोज संध्याकाळी मी इंजिन चालू ठेवून कार्बोरेटर जुळवत बसायचो. तिला टॉर्च धरायला उभी करायचो. रोज थोडं थोडं लागत गेलं असंल तं?

कल्पिता : कुठे उभी राहायची आई?

धर्माजी : घरी अंगणात. अशीच, गाडीच्या पुढं.

कल्पिता : पुढे म्हणजे नेमकी कुठे? दाखवा.

धर्माजी : जवळ न्हाय यायची. तिकडं, त्या पिंपाजवळ उभी राहायची समज. आधी बंपरला खेटून असायची, मला हा पाना दे, तो दे. मशीन बसल्यापासनं लांबच.

कल्पिता : का, ते विचारलंत कधी?

धर्माजी : काय विचारायचं? दिसत होतं. कंटाळली होती. गाडीला न्हाय, मला. कुणाला सांगितलं न्हाय मी, पण चार महिने तिच्याशी धड बोललो न्हाय त्या रागात.

कल्पिता : बाबा, डॉक्टरांनीच सांगितलं होतं तिला. गाडीत बसा, खुशाल फिरा, काही होत नाही. फक्त चालू इंजिनावर वाकू नका, छाती हातभर लांब ठेवा. तुम्ही खाली औषधं आणायला गेला होता. आईने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, ह्यांना बोलू नकोस.

धर्माजी : का?

कल्पिता : उद्याच गाडी विकून टाकतील म्हणाली. कंपनी बंद पडली तेव्हा तुम्ही वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडायचात. ही गाडी आणली आणि घरात आवाज यायला लागला. तिला ते ठाऊक होतं. मी राहीन की लांब उभी, त्यात काय एवढं, म्हणाली.

धर्माजी : तू तरी सांगायचंस.

कल्पिता : शपथ घातली होती तिने. आणि तुम्ही तिच्यावर रागावला होता, हे मला आत्ता कळतंय.

रतन : काका, आज राहू दे वायरींचं. गाडी ठेवा इथे. मी सोडतो दोघांना स्टँडवर.

धर्माजी : न्हाय. काळ्या लाव. आत्ता लाव. मी बघत बसतो.

रतन : बरं. एवढी टॉर्च धरता, ताई? आत अंधार आहे.

धर्माजी : दे, मी धरतो.

कल्पिता : बाबा, तुम्ही रागावायचात तेव्हा आई काय म्हणायची?

धर्माजी : काय न्हाय. मी ओरडायचो, जवळ ये, उजेड पडत न्हाय. ती हाय तिथंच राहायची. नुसता हात लांब करायची.