काचेवरचा ओरखडा

आमच्या नारायण पेठेतल्या सासऱ्यांचं ऐका. लग्नात त्यांनी मला मनगटी घड्याळ दिलं. आठवड्याभरात बायकोला काचेवर ओरखडा दिसला. "बाबांनी दिलेलं एवढंही जपता येत नाही?" तेव्हापासून स्कूटर चालवतानासुद्धा मी घड्याळावर रुमाल बांधतो. परवा सासरे येणार म्हणून काच पॉलिश करून आणली.

आल्या आल्या त्यांनी माझं मनगट धरलं.

"हे आमचं घड्याळ नव्हे."

"अहो, तुमचंच आहे."

"खरं सांगा, विकलंत की हरवलंत? आमच्या घड्याळाला सहाच्या आकड्यापाशी ओरखडा होता."

बायको चपापली. "बाबा, तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्याच हातून पडला. जावयाला द्यायचं, तर आधी दोन महिने वापरून बघायला नको?"