विजेवरचा डबा

नाही, पण मला एक सांगा, लाइट घालवतं कोण? आम्ही! सकाळी नऊला परवानगी घ्यायची, लाइन बंद करायची, खांबावर चढायचं, आणि काम संपेपर्यंत त्या अख्ख्या पट्ट्यात एक दिवा लागत नाही... आणि असल्या माणसाला, म्हणजे मला, बत्तीस वर्षं खांबावर काढलेल्या वायरमनला, बायकोने काय घेऊन द्यावं? विजेवर गरम होणारा डबा! हसू नका, ऐका आधी. लाल बटण, हिरवा दिवा, आणि पंचेचाळीस मिनिटांत जेवण वाफाळतं म्हणे! आमची ही मला समजावून सांगत होती, 'सोपं आहे हो, नुसता प्लग हवा!'

तिचंही चूक नाही. तुम्हाला सांगतो, पूर्वी आम्ही खांबाखाली शेकोटी करायचो, कडेने स्टीलचे डबे लावायचो, झकास काम. मग गेल्या वर्षी कुठेतरी गवत पेटलं आणि वरून कागद आला, शेकोटी बंद! आता थंडी कसली, तर पक्कड हाताला चिकटते, आणि दुपारी एकला डबा उघडला तर भात विटेसारखा आणि रश्श्यावरचं तेल मेणबत्तीसारखं! हिला दया आली. पहाटे पाचला उठून भरायला लागली तो डबा. आता दया करणाऱ्या माणसाला तोंड वर करून काय सांगणार, की बाई गं, लाइट मीच घालवतो?

प्रयत्न नाही केले असं नाही हं! लाइन बंद करायच्या आधी लावून बघितला. झाला की गरम, मस्त झाला, आणि एक वाजेपर्यंत पुन्हा जसाच्या तसा! मग एकदा खांबाजवळच्या घराची बेल वाजवली... वाजली नाही. का नाही वाजली? लाइट नव्हती! कडी वाजवली. एक बाई बाहेर आल्या, दोन स्वेटर, वर शाल. म्हटलं, 'ताई, तुमच्याकडे बॅटरीवर चालणारा एखादा प्लग असेल तर जरा डबा...' त्यांनी माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, खांबाकडे बघितलं. 'लाइट तुम्हीच घालवलीत ना? सकाळपासून पाणी चढलेलं नाही, सासूबाई आत गारठून पडल्यात, हीटर बंद, आणि तुम्हाला डबा गरम करायचाय?' दार माझ्या नाकावर! नाक आधीच बधिर होतं, म्हणून लागलं नाही.

आणि घरी गेलं की ही दारातच, 'गरम होता का हो?' काय सांगू? म्हटलं, 'गरम? अगं, जीभ भाजली!' खूष! आणि वर पुन्हा, 'बघा, नुसता प्लग हवा!'

बरं, हे सगळं मी गिळलं असतं. पण मुद्दा होता आतल्या खोलीचा. सबस्टेशनमध्ये ऑपरेटरची एक जागा रिकामी झाली होती. काम काय, तर काटे बघायचे, आकडे लिहायचे, फोन घ्यायचा. खुर्ची! हीटर! दार बंद होतं हो त्या खोलीचं! माझे गुडघे गेलेले, नोकरीची तीन वर्षं राहिलेली, मी अर्ज टाकला. दुसरा अर्ज कोणाचा? मफलरचा! मफलर म्हणजे आमच्यातला सगळ्यात धट्टाकट्टा गडी, चाळिशीचा, खारीसारखा सरसर खांबावर चढतो, नुसता गळ्याभोवती बारा महिने मफलर. त्याला कशाला हवी खुर्ची? आणि खोटं कशाला बोलू, मी त्याला सोडायचो नाही. माझा डबा गार तर गार, पण हिरव्या दिव्यावरून बोट फिरवत त्याला म्हणायचो, 'मफलर, तुझा भात फोडायला हातोडी देऊ का रे?' तो बिचारा गप्प. गप्प माणसाची भीती बाळगावी, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

तर निवड करायला साहेब स्वतः येणार, आम्हाला कामावर बघणार. मी काय विचार केला असेल? मी म्हटलं, आतल्या खोलीत सगळी नवीन यंत्रं, बटणं, दिवे. साहेबांना यंत्र हाताळणारा माणूस हवा असणार! आणि यंत्र कोणाकडे आहे? अक्कल म्हणतात ती ही! डब्याबरोबर गाडीला लावायची एक वायर आली होती. साहेब आले, खांब मोजत पुढे गेले, तसा मी त्यांच्या ड्रायव्हरला गाठला. तो म्हणतो, 'काका, ही साहेबांची गाडी आहे, तुमचं स्वयंपाकघर नाही.' म्हटलं, अरे बाबा, नुसता प्लग हवा! 'मग अर्धा रस्सा माझा.' केला कबूल!

आणि तुम्हाला सांगतो, झाला! पंचेचाळीस मिनिटांत झाला! झाकण काढलं तर अशी वाफ, असा वास... ड्रायव्हर ताटली घेऊन तयार, तेवढ्यात मागून साहेब. 'अरे वा! काय आहे हे?' मी सगळं दाखवलं. हे बटण, हा दिवा, ही वायर, असं लावायचं, तसं काढायचं, पार कॉलेजच्या मास्तरासारखा! साहेब म्हणाले, 'बघू जरा,' आणि चमचा घेतला. जरा म्हणजे किती असतं हो? एक चमचा? दोन? साहेब बॉनेटवर टेकले आणि डबा तळापर्यंत पुसून खाल्ला! ड्रायव्हर माझ्याकडे खाऊ की गिळू बघतोय, आणि माझ्या वाट्याला काय, तर हिरवा दिवा!

खाता खाता साहेबांनी विचारलं, 'काका, थंडीचा त्रास होत असेल ना?' आता इथे! इथे माझ्या जिभेला काय झालं होतं? गुडघा दाखवायचा, कण्हायचं, डोळ्यांत पाणी आणायचं! पण समोर मफलर उभा होता ना... छाती काढून म्हटलं, 'छे छे साहेब! डबा आल्यापासून थंडी कशाशी खातात ते विसरलो!'

आणि मफलर? मफलर खांबाला टेकून बसला, डबा उघडला, भाताचं ढेकूळ दोन्ही हातांनी तोंडाला लावलं, आणि असे दात वाजवले, असे दात वाजवले, की साहेबांचा चमचा हवेतच थांबला. साहेबांनी वही काढली. मला म्हणाले, 'काका, तुमची तर बाहेरच उत्तम सोय झालीय, मला ऑफिसात असं गरम मिळत नाही. या बिचाऱ्याला घेऊ आत.' आणि मला माझाच डबा परत दिला, रिकामा, वर 'वहिनींना सांगा, मीठ जरा कमी.'

रडू आलं हो. खरंच आलं, पण गालावरच गार झालं. जाताना मफलर जवळ आला, खांद्यावर हात ठेवला, आणि इतक्या हळुवार आवाजात म्हणतो, 'वाईट वाटून घेऊ नका काका. दुपारचे येत जा. आत चार प्लग आहेत.'

घरी गेलो. दारात ही. 'गरम होता का हो?' म्हटलं, होता, आज खरंच होता. 'आणि खोलीचं?' मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. लाइट मीच घालवतो इथपासून मफलरच्या दातांपर्यंत, बत्तीस वर्षांत एवढं कधी बोललो नव्हतो. डोळे भरले तिचे. मग उठली, कपाटातून डब्याचा खोका काढला, त्यावरचं बारीक अक्षरांतलं काहीतरी वाचलं, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, 'असू दे हो. वॉरंटीही तीनच वर्षांची आहे. रिटायर होईपर्यंत बरोबर पुरेल.'